लोटन नाना द्वाराला येतात

शिरपूरकडून परत येऊन चार दिवस झाले, तरी माझं चित्त ठिकाणावर नाही. दूध उतू जातं, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात. सून दोनदा विचारून गेली, "आई, काय झालंय?" काय सांगू तिला? ज्या माणसाला पस्तीस वर्षं ओळखते म्हणून मी पिंप्राळ्यात मिरवत आले, त्या माणसाचं तिथं जे झालं ते या डोळ्यांनी पाहिलंय आणि तरी खरं वाटत नाही. शेवटी वही घेऊन बसले. आयुष्यभर त्यांचं लिहिलेलं उतरवून काढलं, आता त्यांच्यावर लिहिते.

लोटन नाना म्हणजे सिनेमावाले लोटन नाना. पाट्या पडताना कथा, पटकथा आणि संवाद या तिन्हीपुढं ज्यांचं एकच नाव येतं, ते. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते काचेच्या नळ्या धूत होते. पाचोऱ्याच्या हायस्कुलात ते प्रयोगशाळेचे शिपाई आणि मी शेजारच्या प्राथमिक शाळेत नव्यानं लागलेली मास्तरीण. त्यांनी नळी उजेडात धरून पाहिली, परत धुतली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे असं ऐकलं. नाटक उतरवून द्याल का?" ओळख नाही, पाळख नाही. मी म्हटलं, "आधी नाव तरी सांगा." तर नाव सांगण्याऐवजी माणसानं पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून माझ्या हातात ठेवला.

तो गठ्ठा पाहून मला पहिला धक्का बसला. कागद कसले, उदबत्तीचे पुडे फाडून उलटे केलेले. आतल्या पांढऱ्या बाजूवर पेन्सिलीनं खरडलेली वाक्यं, तीही इतकी वेडीवाकडी की मुंग्यांनी बरी लिहिली असती. सगळ्यांना चंदनाचा वास. मी विचारलं, "एवढ्या उदबत्त्या कोणत्या देवाला लावता?" ते हसले फक्त.

कारण पुढच्या महिन्यात कळलं. नाना पेपर शेवटच्या पानापासून वाचत. निधनाच्या बातम्या असतात ते पान. तिथं द्वाराचा दिवस कोणता, गाव कोणतं, हे बघून घ्यायचे आणि शाळा सुटली की सायकलला टांग. आमच्या खानदेशात माणूस गेलं की त्या घरी जाऊन बसायचं असतं, त्याला द्वार म्हणतात. पुरुष बाहेर ओट्यावर, बाया आत. नवी बाई दारातून आली की घरातली तिच्या गळ्यात पडते आणि रडते, आणि आमच्याकडच्या बाया नुसत्या रडत नाहीत, बोलत रडतात. गेलेल्याशी बोलतात. त्याला जाब विचारतात, त्याच्यावर रागावतात. नाना उदबत्तीचा पुडा घेऊन जायचे, उदबत्त्या तिथं द्यायच्या आणि रिकामा पुडा खिशात. बायांच्या खोलीच्या खिडकीखाली मान खाली घालून बसायचे. लोकांना वाटायचं, काय माणुसकीचा माणूस आहे, ओळख नसताना चार कोस आला. मलाही तसंच वाटायचं. एकदा मी बरोबर होते. परतताना नाना एका बांधावर सायकल टेकवून खाली बसले, पुडा फाडला आणि आत्ताच ऐकलेलं रडणं शब्दन्‌शब्द लिहून काढायला लागले.

मी म्हटलं, "नाना, ही चोरी आहे."

"मी लिखस नई, बाई," ते म्हणाले. "मी ऐकस आनि उतारी लेस." माझ्याशी ते शहरी मराठीत बोलत, पण मनातलं काही निघालं की अहिराणीवर येत.

लग्न केलं नव्हतं. विचारलं तर म्हणत, घरात एक बोलणारी आली की बाहेरचं ऐकू येईनासं होईल. असली उत्तरं द्यायला एक नंबर. चहा बशीत ओतून गार होईपर्यंत बघत बसायचे. शिकवायला गेलं तर कुणाचं ऐकायचे नाहीत, पण बोहारीण, बँडवाला, कोर्टाबाहेर बसलेली म्हातारी, यांच्यापुढं तासन्‌तास उभे. आई लहानपणीच गेली. थोरल्या बहिणीनं, अक्कानं, वाढवलं. अक्का तेव्हा स्वतःच बारा वर्षांची. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिनं सासरच्यांना सांगितलं होतं म्हणे, माझा भाऊ माझ्याबरोबर येईल, जमत असेल तर बघा. ते जमलं, म्हणून लोटन शिकला. नानांच्या तोंडून कुणाचं कौतुक मी ऐकलं नाही, अक्काचं सोडून.

नाटकाला मी प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर वही घेऊन बसायचं आणि कुणी अडकलं की हळूच वाक्य द्यायचं. माझ्या मागं नाना उभे. त्यांच्या वहीत जागोजागी कंसात लिहिलेलं असायचं, 'स्तब्धता'. हे त्यांचं खास. स्तब्धता म्हणजे सहा बोटं. ते विंगेत एकेक बोट मिटत जायचे आणि सहावं मिटेपर्यंत स्टेजवर कुणी पापणी लववायची नाही. पाचव्या बोटाला कुणी हललं तर पडदा पडल्यावर त्याची खैर नसायची. पण त्या सहा बोटांत प्रेक्षकांचं काय व्हायचं ते मी पाहिलंय. हसत असलेलं थेटर आपोआप गप्प व्हायचं आणि मग कुठंतरी मागच्या रांगेत कुणी हुंदका द्यायचं.

जळगावच्या स्पर्धेत एक प्रयोग झाला. त्यात एक म्हातारी नवऱ्याला नेल्यानंतर म्हणते, "कडी लावू नका वो, त्यास्ले कडी उघाडता येत नई." पडदा पडला आणि मेकअपच्या खोलीत एक बाई तरातरा आली. मेहरूणची होती. म्हणाली, "हे वाक्य कुणी लिहिलं?" मी मनात म्हटलं, आज नानांची वरात निघते. नाना पुढं झाले. बाई म्हणाली, "ही माझी सासू आहे. सासरे गेले तेव्हा हेच म्हणाली होती. आम्ही सगळे विसरलो. सासूपण गेली आता." आणि मग भांडायचं सोडून तिनं हात जोडले. म्हणाली, "पुन्हा एकदा म्हणा ना." नानांनी आरशापुढं उभं राहून ते वाक्य त्या म्हातारीच्या आवाजात पुन्हा म्हटलं. बाई पदर डोळ्यांना लावून ऐकत राहिली.

ती गेल्यावर नाना माझ्याकडं वळले. "देख, बाई. चोरी नई शे. लोके रडतस आनि इसरी जातस. मी ठेवस ते." खरं सांगायचं तर मीही त्या दिवसापासून मोकळ्या मनानं त्यांच्या वह्या उतरवायला लागले.

त्याच प्रयोगाला एक सिनेमावाला आला होता. दोन महिन्यांत नानांनी नोकरी सोडली. पेन्शनला थोडीच वर्षं उरलेली, आणि हा माणूस ॲसिडची शेवटची बाटली कपाटात ठेवून, किल्ली हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवून मुंबईला निघून गेला. आम्ही सगळे तोंडात बोट घालून बघत राहिलो. पण चाललं त्यांचं. एकामागून एक दहा-बारा सिनेमे आले. लोक म्हणायला लागले, संवाद ऐकायचे तर लोटन नानांचे. त्यांनी फोन घेतला, पण त्यात कधी काही रेकॉर्ड केलं नाही. म्हणायचे, यंत्रानं ऐकलं की मी ऐकत नाही. पानं अजूनही मलाच पाठवायचे, फोटो काढून, आणि मी भिंगातून बघून उतरवायची. आणि पेपरात नाव दिसलं की रात्रीच्या गाडीनं खानदेशात. "मुंबईला माणूस गेलं की सगळे गप्प राहतात, बाई," एकदा मला म्हणाले. "तिथं राहून मी काय लिहू?"

मग विलास गेला.

विलास म्हणजे अक्काचा एकुलता मुलगा, तिशीतला. कपाशीला पाणी द्यायला विहिरीवर गेला आणि मोटारीचा करंट लागला. मी नानांबरोबर गेले. ते ओट्यावर बसले, मी आत. अक्काचा आवाज घोगरा झाला होता, पण ती थांबत नव्हती. "भाजीमा मिरची जास्ती पडनी म्हनीसन रुसना का रे बापा?" ती विचारत होती. "ऊठ. मी दुसरी करी देस." त्या सकाळी विलास भाजी तिखट झाली म्हणून कुरकुरत, ताट अर्धं टाकून शेतात गेला होता. ती त्याला तेवढंच सांगत होती, की ऊठ, मी दुसरी भाजी करते.

मला तिथं बसवेना. बाहेर आले तर नाना भिंतीला डोकं टेकून रडत होते, खरं रडत होते, मामा होते ते. आणि तसंच रडताना त्यांचा हात खिशात पेन्सिल शोधत होता. मी बघत राहिले. ते उठले, घराच्या मागं गेले आणि पुड्यावर लिहायला लागले. मी म्हटलं, "नाना, जरा तरी लाज धरा. भाचा आहे तुमचा."

"हात थांबत नई, बाई," ते म्हणाले. चेहरा ओला, आणि हात चालूच.

त्यावर मी त्यांच्याशी वर्षभर बोलले नाही. पण पुढं त्यांनी एक गोष्ट केली जी आधी कधी केली नव्हती. अक्काला विचारलं. मला मुद्दाम बरोबर नेलं, कदाचित साक्षीला. अक्का चुलीपुढं बसली होती. नाना म्हणाले, अक्का, एक सिनेमा लिहितोय, त्यात एक आई आहे, तुझं त्या दिवसाचं बोलणं तिला देऊ का? अक्कानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. विलासची बायको माहेरी गेली होती, तिचं दुसरं लग्नही झालं होतं. शेत वाट्यानं दिलं होतं. गावात आता विलासचं नाव कुणाच्या तोंडात येत नव्हतं, आणि अक्काला तेच खात होतं. तिनं विचारलं, "त्यानं नाव ठेवशी का?" नाना म्हणाले, ठेवीन, विलास हेच नाव ठेवीन. मग तिनं विचारलं, लोक रडतील का त्याच्यासाठी?

"अख्खं थेटर रडेल, अक्का," नानांनी शब्द दिला.

तो प्रसंग मी स्वतः उतरवला. आई मुलाच्या उशाशी बसून तीच दोन वाक्यं बोलते आणि खाली कंसात स्तब्धता. त्या पानावर माझ्याही डोळ्यांतलं पाणी पडलं, ते पुन्हा लिहावं लागलं. सिनेमा दोन वर्षं रखडला. अक्का दर वेळी फोनवर विचारायची, "पिच्चर उना का रे भाऊ?" शेजारणींना सांगून ठेवलं होतं तिनं. माझ्या विलासला आता सगळे बघतील.

सिनेमा लागला तेव्हा नानांनी अक्काला धुळ्याला आणलं. ती नवं लुगडं नेसून आली होती. मी तिच्या डाव्या हाताला, नाना उजव्या. दिवसाचा खेळ, थेटर भरलेलं. मध्यंतर झालं, तरी तो प्रसंग येईना. मग एका घरात एक दारुडा मेल्याचं सोंग घेऊन आडवा पडलेला दिसला. बायकी वेश केलेला एक जाडा नट त्याच्या छातीवर बुक्के मारत गळा काढायला लागला. "अरे विलास, भाजीमा मिरची जास्ती पडनी म्हनीसन रुसना का रे बापा?"

मागं ढोलकी वाजली आणि थेटर फुटलं. लोक खुर्च्यांवर थापा मारत हसत होते. दारुडा एक डोळा उघडून म्हणाला, भाजी नको, कोंबडी कर. पुन्हा हशा. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी लिहिलेलं पान हे नव्हतंच. मी अक्काकडं बघायचं धाडस केलं. ती पडद्याकडं नव्हती बघत. मान वळवून ती मागच्या रांगांकडं बघत होती, एकेका हसणाऱ्या माणसाकडं. बराच वेळ. पोटातून आलेली माझी शिवी ओठावर आली होती, पण तिच्या तोंडाकडं बघून ती गिळली.

मग ती नानांकडं वळली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "भाऊ, त्या दिन मी काही वंगाळ बोलनू व्हतू का रे?"

आपलंच रडणं चुकलं असेल असं वाटलं तिला.

बाहेर आल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. "तुम्हाला माहीत होतं?" ते खाली बघत म्हणाले, माहीत होतं. सिनेमा फार जड होतोय, या जागी हशा पाहिजे, असं शूटिंगवरून कळवलं होतं आणि त्यांनीच प्रसंग बदलून दिला होता. "मग अक्काला कशाला आणलंत?" मी ओरडलेच. लोक बघायला लागले. नाना म्हणाले, "मी स्तब्धता लिहिली होती, बाई. हसतील आणि मग एकदम गप्प होतील, आणि मग रडतील, असं होतं माझं. त्यांनी ती कापली. तिथं ढोलकी टाकली." सिनेमात इतकी वर्षं काढून या माणसाला अजून वाटत होतं की कुठंतरी विंगेत कुणीतरी त्याची सहा बोटं मोजतंय. मला राग यावा की कीव यावी कळेना. मला राग आला.

नाना मुंबईला परत गेलेच नाहीत. मेहरूणला दोन खोल्या घेतल्या आणि लिहिणं बंद केलं. माणसं बोलवायला यायची, ते बशीतला चहा बघत बसायचे. पण तो तुकडा थांबला नाही. त्या नटाचं रडणं फोनाफोनातून खानदेशभर फिरलं, लग्नाच्या जेवणावळीत पोरं त्याची नक्कल करायची. आणि हे खरं कुणाचं रडणं, कुणी ऐकून विकलं, हेही हळूहळू सगळीकडं झालं. अक्का नानांना काही बोलली नाही. राखी बांधायची, जेवायला वाढायची. फक्त विलासचं नाव तिनं पुन्हा कधी काढलं नाही, माझ्याजवळसुद्धा.

गेल्या आठवड्यात अक्का गेली. झोपेतच. मी शिरपूरकडं तिच्या गावी द्वाराला गेले. दारात पाऊल टाकलं आणि अक्काची धाकटी जाऊ माझ्या गळ्यात पडली. आतल्या आठ-दहा बाया बोलत होत्या, रडत होत्या. जाऊ माझ्या खांद्यावर म्हणत होती, अक्का, तू माझं बाळंतपण केलंस, मला तुझं करायला मिळालं नाही, तू मला...

तेवढ्यात दाराशी बसलेली एक म्हणाली, "लोटन नाना उना."

जावेचं वाक्य तिथंच तुटलं. तिनं तोंडात पदर कोंबला. मी वळून पाहिलं, खोलीतली एकूण एक बाई गप्प झाली होती. कुणी ओठ दाबून, कुणी भिंतीकडं तोंड करून. बाहेर ओट्यावर नाना येऊन बसले, खिडकीखाली. बाहेरून आणखी एक म्हातारी आली, दारातच तिनं गळा काढला, तर दोघींनी तिला हातानं गप्प केलं आणि खिडकीकडं बोट दाखवलं. तीही गप्प. मी इतकी द्वारं पाहिली, असं कधी पाहिलं नव्हतं. ज्या बाईनं त्या माणसाला वाढवलं, तिच्या घरात तिच्यासाठी कुणी रडेना, तो ऐकतोय म्हणून.

मला वाटलं उठून सांगावं, अगं तो आता लिहीत नाही. पण माझ्या तोंडून निघालं नाही. खोटं बोलायची भीती वाटली मला. मलाच खात्री नव्हती.

दहा मिनिटं झाली असतील. नाना वाट बघत होते हे मला खिडकीतून दिसत होतं. एकदा त्यांनी मान वर केली, आतल्या शांततेकडं पाहिलं आणि त्यांना कळलं. ते भिंतीचा आधार घेत उठले. ओट्यावरच्या माणसांना हात जोडले आणि कुणाशी काही न बोलता निघून गेले.

ते गल्लीच्या टोकाला पोचले असतील नसतील, आत अक्काच्या जावेनं हंबरडा फोडला आणि पाठोपाठ सगळ्या बाया सुटल्या. इतका वेळ कोंडलेलं सगळं एकदम आलं. मला राहवेना. मी खिडकीशी गेले. नाना फार लांब गेले नव्हते. रस्त्यापलीकडं एसटीच्या थांब्यावर, भिंतीकडं तोंड करून उभे होते, दोन्ही हातांनी कान गच्च दाबून. गाडी आली, थांबली, कंडक्टरनं घंटी दिली, गाडी गेली. तरी ते तसेच उभे होते.